आठवडी बाजारातलं इमान

दौलत गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात त्याच्या धाकट्या भावाने, पंढरीने, दुकानाची पाटी उतरवली.

दुकान म्हणजे आदिलाबादच्या बस स्टँडमागची एक खोली. तिच्यात शेवटी एकच मशीन उरलं होतं. माणसाएवढं उंच लाकडी कपाट, मध्ये काचेमागे जुन्या टीव्हीसारखा पडदा, त्याखाली एक दांडी आणि एक लाल बटन. पडद्यावर काळं आभाळ, तळाशी एक बारीकसं यान, आणि वरून ओळींनी उतरणारे शत्रू. यान डावीकडे-उजवीकडे सरकवायचं, गोळ्या मारत राहायचं, अंगावर येईल ते पाडायचं. कपाटाच्या बाजूला इंग्रजीत खेळाचं नाव होतं, ते केव्हाच पुसलं होतं. सगळे त्याला इमानाचा, म्हणजे विमानाचा, खेळ म्हणायचे.

बेल्लमपल्लीला खाणकामगारांच्या क्वार्टरांजवळचं एक व्हिडिओ पार्लर बंद पडलं, तेव्हा दौलतने ते मशीन उचलून आणलं होतं. त्या काळी शाळा सुटली की खोलीत पाय ठेवायला जागा नसे. मग घरोघरी टीव्हीला जोडायचे गेम आले, पुढे मोबाइल आले आणि पोरं येईनाशी झाली. दौलतला त्याचं फार वाईट वाटत नसे. बसची वाट पाहणारा एखादा पोरगा मोबाइलवर धडाधड गोळ्या झाडताना दिसला की तो बायकोला म्हणायचा, "पाह्य मथुरा, हे सारे आपल्याच मशीनचे नातू."

मथुराबाई रोज दुपारी डबा घेऊन जायची. दौलत जेवायला बसला की शटर अर्धं खाली ओढायचा, आणि तेवढ्या वेळात ती खेळायची. लग्नानंतर त्यानेच तिला दांडी सैल कशी धरायची ते शिकवलं होतं. पुढे ती त्याच्यापेक्षा चांगली खेळू लागली. हातातला घास हातात ठेवून तो पडद्याकडे बघत राही. ही गोष्ट त्या दोघांना आणि त्यांच्या मुलीला, हर्षालीलाच माहीत होती.

खोलीचा करारनामा पंढरीच्या नावावर होता. त्याला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं.

"मशीनचं बी पाह्यलं म्या, वहिनी," तो म्हणाला. "हैदराबादचा एक मानूस हाय. त्याच्या हॉटेलात जुन्या वस्तू ठेवते तो. रेडिओ, ग्रामोफोन, असं. चांगली किंमत देऊन राह्यला."

"तिथं लोकं खेळतीन का त्याच्यावर?"

"खेळतीन कायले? शोभेसाठी असते ते. दोरी बांधून ठेवते, कोनी हात लावू नये म्हनून."

"मंग नाही देत."

"आन् तुमी काय करान त्याचं?"

"खेळीन."

पंढरी हसला. वहिनी हसत नाही हे पाहिल्यावर त्याचंही हसू गेलं. "भाऊ जाऊन किती दिवस झाले, वहिनी? बाईमानसानं असं इमानं पाडत बसनं बरं दिसते का? लोकं काय म्हनतीन?"

"लोकाइले मी इचारलं नाही," मथुराबाई म्हणाली, आणि मशीनवरची धूळ पदराने पुसू लागली.

मशीन घरी न्यायला तिने शेजारच्या प्रवीणला बोलावलं. प्रवीणची ट्रॉली ऑटो होती. भाजीवाल्या बायकांना मालासकट तो गावोगावच्या आठवडी बाजारांना न्यायचा. कपाट चढवताना त्याच्या पाठीत उसण भरली. "काकू, तुमच्या एवढ्याशा घरात हे धूड ठेवान कुठं?" तो कण्हत म्हणाला. "त्यापरीस माझ्यासंगं बाजारले चाला. वांगे, टमाटे, आन् इमान!"

तो थट्टा करत होता. पण घरी पोचल्यावर मथुराबाई उतरताना म्हणाली, "गुरवारचा बाजार कोन्त्या गावी असते रे?"

हर्षाली पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. आईचं ऐकून आधी तिने कपाळाला हात लावला. "माय, बाजारात मशीन चालवाले लाइट कुठून आननार तू?"

"ते तू सांग. शिकून राह्यली ना?"

हर्षालीने इन्व्हर्टर आणि ट्रकची जुनी बॅटरी जोडून दिली. उन्हात पडदा दिसणार नाही म्हणून काळ्या छत्रीचं कापड कापून काचेवर टोपीसारखं बसवलं. नाणं टाकायची फट दौलतनेच कधीतरी बुजवली होती, बाजूचं बटन दाबलं की खेळ सुरू व्हायचा. मथुराबाईने ठरवलं, आधी लोकांना खेळू द्यायचं, घ्यायचं काय ते मागून बघू.

भीमपूरच्या पुढे, पैनगंगेकडच्या एका गावी तो बाजार भरायचा. कापूस-सोयाबीनचा मुलूख, नदीपलीकडे महाराष्ट्र. भाजीवाल्यांच्या ओळीत, गावातल्याच सोजरबाईच्या वांग्यांशेजारी मशीन उभं राहिलं, तेव्हा माणसांचा गराडा पडला.

"काय इकून राह्यली बाई?"

"इकत नाही. खेळाचं हाय."

"खेळनार कोन?"

मथुराबाईने बटन दाबलं आणि स्वतःच खेळू लागली. बाजारात, भर दुपारी, पन्नाशीला आलेली विधवा बाई. मागे कोणी शीळ घातली, कोणी मोबाइल काढून व्हिडिओ करू लागला. तिच्या मानेला घाम सुटला होता, पण बोटं ओळखीच्या वाटेने चालत होती. एक ओळ संपली, दुसरी उतरली, मग तिसरी. हळूहळू शिट्ट्या थांबल्या. तिचं यान पडलं तेव्हा एक जण आपोआप "अरेरे!" म्हणाला.

मग तोच पुढे आला, दांडी गच्च धरून खेळला आणि बघता बघता हरला. त्याच्या मागून दोघे-तिघे आले, तेही तसेच हरले आणि आपापल्या कामाला लागले. सोजरबाई तराजूमागून सगळं पाहत होती.

"बाई, मले येईन का वो ते?"

"काऊन नाही? या."

सोजरबाईने वांग्यांचा ढीग शेजारणीच्या भरवशावर सोडला, हात लुगड्याला पुसले आणि पडद्यावर डोळे लावले. "हे वरून काय उतरून राह्यलं?"

"दुश्मन हाय ते."

"कोनाचे?" सोजरबाई आणखी वाकली. मग एकदम ओरडली, "अवो, ह्या तं बोंडअळ्या हायत! गेल्या साली अर्धा कापूस ह्याइनंच खाल्ला!" आणि तिने बटनावर बोट असं दाबलं की कपाट हाललं. "मर! मर म्हनतो ना तुले!"

आजूबाजूच्या बायका तराजू खाली ठेवून हसायला लागल्या. त्या दिवशी त्यांतल्या बऱ्याच जणी खेळल्या. खेळ संपल्यावर पडद्यावर खेळणाऱ्याच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं भरायची असत. सोजरबाई सही करत नव्हती, अंगठा लावायची. मदतीला आलेल्या हर्षालीने तिच्या हातावर हात ठेवून एकेक अक्षर निवडलं. आपलं नाव पडद्यावर मथुराबाईच्या नावाखाली लागलेलं सोजरबाईने बराच वेळ पाहिलं. "हेच का मी?" तिने विचारलं. हर्षाली हो म्हणाली.

पुढच्या गुरुवारी बायका वाट बघत होत्या, डावाला दोन रुपये त्यांनीच ठरवले. त्याच्या पुढच्या गुरुवारी भाजी घ्यायला आलेल्या बायकाही थांबल्या. त्यांत नीलिमा होती.

नीलिमा गावच्या पटेलांची, बाबारावांची, सून. माहेर किनवटचं, बारावीपर्यंत शिकलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली. बाजारातली तैबाजारी, म्हणजे बसणाऱ्यांकडून जागेची पट्टी गोळा करायचा ठेका, बाबारावांकडे होता, त्यामुळे तिला सगळे ओळखत. ती मात्र कोणाशी फारसं बोलत नसे. डोक्यावरचा पदर सावरत मागे उभी राहून तिने आधी नुसतंच पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून पुढे आली. पहिल्यांदा हरली. दुसऱ्यांदाही हरली. तिसऱ्यांदा मात्र तिचं यान पडेचना. ती एका कडेला दडायची, शत्रू खाली झेपावले की त्यांच्या मधल्या फटीतून सुटायची. मथुराबाईने इतक्या वर्षांत तसं कोणाला खेळताना पाहिलं नव्हतं.

"कुठं शिकली वो तू?"

"कुठंच नाही," नीलिमा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "माहेरी भाऊ मोबाइलवर खेळायचे, मी मागून पाहायची. मले कोनी देत नव्हतं."

खेळता खेळता ती मोठ्याने हसली. हे हसणं बाबारावांच्या घरी पोचायला संध्याकाळ लागली नाही.

पुढच्या बाजारी भाजीवाल्यांच्या ओळीत, मशीनच्या जागेवर, बाबारावांचा ट्रॅक्टर आडवा लावलेला होता. प्रवीणने ऑटो थांबवली. "काकू, चाला परत. ह्या मानसाशी वाकडं घेऊन कसं चालन? मले बी पोट हाय."

"तू उतरून दे आन् जा," मथुराबाई म्हणाली. "संध्याकाळचं मी पाहून घेईन."

प्रवीण काही बोलायच्या आत सोजरबाईने आपली वांगी गोणपाटासकट ओढून बाजूला घेतली. तिच्या पलीकडची कोथिंबीरवाली सरकली, तिच्या पलीकडची मिरच्यावाली सरकली. माळ सरकावी तशी अख्खी ओळ सरकली आणि मध्ये मशीनपुरती जागा झाली. प्रवीण थोडा वेळ मान खाजवत उभा राहिला. मग त्याने कपाटाला खांदा लावला.

बाबाराव आले तेव्हा नीलिमा खेळत होती. भोवती बायकांचं कडं होतं.

"बंद कर हे," ते मथुराबाईला म्हणाले. "बाजारात जुगार चालनार नाही."

"जुगारात कोनी तरी जिंकते, पटेल. ह्याच्यात कोनीच जिंकत नाही."

"मंग खेळतेत कायले?"

"मागच्या बारीपरीस जास्त टिकाव म्हनून."

लोक ऐकत होते हे बाबारावांच्या ध्यानात आलं. "माझ्या घरच्या सुनेले चारचौघात उभं केलं तुनं," ते आवाज चढवून म्हणाले.

"म्या नाही केलं. तिचे पाय हायत, ती आली."

"जागा माझ्या ठेक्याची हाय!"

"पट्टी घ्या मंग. बाकीच्याइची घेता तशी माझी बी घ्या. जागा देनार नाही असं कोन्त्या कायद्यात लिवलं ते दाखवा, मी आत्ता उचलतो."

बाबारावांनी कायदा दाखवला नाही. ते वाकले आणि बॅटरीवरचा चिमटा उपटून काढला. पडद्यावरचं आभाळ आक्रसून एक पांढरा ठिपका झालं, मग तोही विझला.

हर्षाली पुढे धावली, पण मथुराबाईने तिचा दंड धरला, कारण नीलिमा वळली होती. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तो तिने सारखा केला नाही. सासऱ्यांच्या समोरून ती चालत बॅटरीपर्यंत गेली, खाली बसली, त्यांच्या पायाशी पडलेला चिमटा उचलला. कुठला चिमटा कुठे लावायचा हे तिला ठाऊक नव्हतं. तिने हर्षालीकडे पाहिलं. हर्षालीने दाखवलं, आणि तिने चिमटा लावला.

"मामाजी," ती उठून म्हणाली, "माझा डाव बाकी होता."

जुना पडदा तापायला वेळ घेतो. तेवढा सगळा वेळ ती सासऱ्यांकडे पाठ करून मशीनसमोर उभी राहिली, आणि सगळा बाजार तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मग काचेत आभाळ उजळलं. तिने बटन दाबलं.

सोजरबाई उठली, बॅटरीच्या खोक्यावर गोणपाट टाकलं आणि त्यावर ऐसपैस बसली. "लावा आता हात," ती म्हणाली. वयाने ती बाबारावांहून मोठी होती, त्यांचं बारसं जेवलेली. बाबाराव तिच्याकडे, मग सुनेच्या पाठीकडे बघत राहिले. शेवटी उपरणं झटकून ते निघून गेले. ट्रॅक्टर मात्र तिथेच राहिला.

त्या दिवशी नीलिमा फार चांगली खेळली नाही. यान लवकर पडलं. पण तिने पुन्हा बटन दाबलं, आणि पुन्हा.

पुढच्या बाजारी ती आली नाही. मथुराबाईने हर्षालीला मशीनजवळ बसवलं आणि नीट बाबारावांच्या घरी गेली. दार नीलिमाच्या नवऱ्याने, अंगावर घोंगडी घेतलेल्या प्रज्वलने उघडलं. तो तिला पाहून ओशाळला.

"काकू, बाबा जेवून नाही राह्यले," तो हळूच म्हणाला. "हिच्या हातचं खात नाहीत. बाजार झाला तवापासून नुसत्या मुरमुऱ्यावर हायत."

आतून नीलिमा आली. चेहरा उतरला होता, पण आवाज पक्का होता. "रोज करून ठेवते मी, काकू. खायचं नसन तं नोका खाऊ. रांधनं बंद नाही केलं मी, आन् बाजार बी बंद नाही करनार. आज ह्याइले ताप हाय म्हनून नाही आली. पुढच्या खेपेले येते."

"तुले भेव नाही वाटत?" मथुराबाईने विचारलं.

"वाटते ना. त्या दिवशी तं लय वाटलं." ती म्हणाली. "पन घरात बसून बी वाटतच होतं. इतके दिवस घरातच बसून भेत होती मी."

मथुराबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. परत येताना वाटेत तिला दौलतची इतकी आठवण आली की एका कुंपणाशी ती थांबली. अर्धं शटर, डबा, हातात राहिलेला घास. नवऱ्याने तिला जे दिलं होतं ते तो असेतोवर तिने कधी कोणासमोर वापरलं नव्हतं, आणि आता एक परकी पोर ते चारचौघांत वापरत होती. तिने डोळे पुसले आणि बाजारात जाऊन मशीनपाशी उभी राहिली.

पुढच्या गुरुवारी नीलिमा आली, सोबत प्रज्वल, भाजीची पिशवी त्याच्या हातात. बायको खेळत होती तोवर तो वांगी निवडत राहिला, जरा जास्तच वेळ. बाबारावांनी कधी जेवायला सुरुवात केली ते कोणाला कळलं नाही, पण पुढे ते जेवू लागले. मथुराबाईशी ते त्यानंतर बोलले नाहीत. पट्टी घ्यायला मात्र त्यांचा माणूस येऊ लागला, बाकीच्यांकडे यायचा तसाच. कापूस वेचणी सुरू झाल्यावर ट्रॅक्टर शेतात गेला, आणि रिकाम्या जागेत दोन खाटा टाकून बायका आपला नंबर येईस्तोवर बसू लागल्या.

बाजारात लोकांनी केलेले व्हिडिओ फिरत फिरत पंढरीच्या दुकानात पोचले. पंढरी घरी आला. "वहिनी, हैदराबादवाल्यानं पाह्यलं तुमाले. फार खूश झाला. म्हनते, मशीन तं घेतोच, पन काकू बी या. हॉटेलात लुगडं नेसून खेळून दाखवा, लोकं फोटो काढतीन."

"त्याले म्हना गुरवारी ये बाजारात," मथुराबाई म्हणाली. "लाइनीत उभा राह्य. नंबर आला की खेळ."

"तसं नाही, वहिनी..."

"तसंच हाय, भाऊजी. हे पाह्यचं मशीन नाही."

पंढरीने चहा संपवला. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "नीलिमा कोन वो त्याच्यातली? लयच झाक खेळते." खोली त्याने परत दिली नाही, मथुराबाईने मागितलीही नाही.

थंडीत दोनदा पडद्याचं चित्र गेलं. पहिल्यांदा आतली वायर सुटली होती, ती हर्षालीने जोडली. दुसऱ्यांदा पडद्याची नळीच जळाली. तेव्हा माय-लेकींनी भंगारातून एक जुना टीव्ही आणला आणि दोन सुट्ट्या खपून तो कपाटात बसवला. रंग थोडे फिके आले. बायकांनी त्यावरूनही हर्षालीला बोल लावले आणि खेळत राहिल्या.

मग मथुराबाईने आणखी एक बाजार धरला, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्याच, पण दूरच्या मुधोळचा. प्रवीण म्हणाला, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. ती म्हणाली, इथे तरी कुठं ओळखत होते. मुधोळला मिरचीच्या पोत्यांजवळ मशीन उतरवलं, काळं कापड लावलं, चिमटे जोडले. दोन पोरी आणि त्यांची आजी आधी आल्या. आजीने दांडी हातात घेतली न घेतली तोच पांढऱ्या कपड्यातला एक माणूस गर्दी सारत आला आणि मशीन आणि म्हातारी यांच्यामध्ये उभा राहिला.

"ए बाई, हे काय लावलं इथं? कोनाले इचारून?"

मथुराबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खेळ हाय," ती म्हणाली. "सरका जरा बाजूले. बाईले दिसून नाही राह्यलं."